नऊ दिवसांची हजेरी

सोमवार, एक डिसेंबर. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिसरीच्या वर्गात हजेरी चालू असताना फ्लोरा टीचरला कळलं, की दर्शना हिलम नऊ दिवस शाळेत आलेली नाही. हजेरीपटावर मात्र ती नऊही दिवस हजर होती.

फ्लोरानं नाव पुकारलं, "दर्शना?" आणि शेजारच्या दिपिकानं सवयीनं उत्तर दिलं, "आली, टीचर."

फ्लोरानं मान वर केली. पहिल्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी होती. तिथं एक वही उघडी ठेवली होती, वहीवर पेन्सिल, पण वहीमागे कोणी नव्हतं. एरवी हजेरीच्या वेळी या वर्गात बाजार भरतो. आज पस्तीसच्या पस्तीस मुलं फळ्याकडे बघत होती, आणि फळ्यावर तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दिपिकानं जीभ चावली.

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमीच्या बाजूला ही सिस्टरांची शाळा. पहिली ते चौथी, एकेक तुकडी. बाजारपेठेतल्या दुकानदारांची मुलं, कंपनीत शिफ्ट करणाऱ्यांची मुलं आणि नदीकाठच्या आदिवासी वाडीवरची मुलं एकाच वर्गात बसतात. ती नुसती बसून उपयोग नाही, हे फार वर्षांपूर्वीच्या एका सिस्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जोड्या लावायची पद्धत घातली. जूनमध्ये प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, तो वर्षभर बदलत नाही. हजेरीला आपण आपलं नाव आल्यावर ओरडायचं नाही. जोडीदारानं सांगायचं, "आला," किंवा "नाही आला," आणि नाही तर का नाही. कारण टीचर वेगळ्या वहीत लिहून घेतात. त्यामुळे डॉक्टरच्या मुलालाही माहीत असतं की वाडीवरच्या नाथाच्या घरी आज कोण आजारी आहे. आईबापांनाही ही पद्धत अंगवळणी पडली आहे. काही निरोप असला की ते शाळेत येत नाहीत, जोडीदाराला गाठतात.

दर्शनाची जोडीदार दिपिका. अष्टमीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी, जिभेला हाड नसलेली. दर्शना त्याच्या उलट. पहिली-दुसरीत तिला सगळे मठ्ठ समजत. जुलैत फ्लोराच्या लक्षात आलं, की तोंड दिसलं तरच ही पोर वळते. पाठमोरं बोललं तर नाही. तपासणी झाली. डाव्या कानानं जवळजवळ काहीच नाही, उजव्यानं थोडं. मग वर्गाची घडी बदलली. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. प्रश्न विचारायच्या आधी दिपिकानं बाकावर दोनदा थाप मारायची. आणि फ्लोरा भावाच्या लग्नासाठी कोर्लईला गेली, तेव्हा बदली शिक्षक सुशील सरांसाठी हजेरीपटाच्या आत चिठ्ठी चिकटवून गेली: "दर्शनाला ऐकू कमी येते. तिला अचानक प्रश्न विचारू नयेत. तिच्या वतीने जोडीदार दिपिका सांगेल."

दिपिकानं सांगितलं होतं. नऊ दिवस, न चुकता.

मधल्या सुट्टीत फ्लोरानं तिला व्हरांड्यात बोलावलं. तिथं चौथीची मुलं नाताळच्या चांदणीसाठी बांबूच्या कामट्या सोलत होती.

"का गं असं केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, टीचर."

"मी? मी काय म्हणाले?"

"लग्नाला जायच्या आदल्या दिवशी. दर्शनाचा आता एकही खाडा होता कामा नये, नाहीतर तिची मशीन जाईल."

फ्लोरा म्हणाली होती खरी. पेणला एका संस्थेचं शिबिर होतं, पाच डिसेंबरला, शुक्रवारी. दर्शनाच्या कानांचे साचे सप्टेंबरात घेऊन झाले होते, त्या मापाची ऐकण्याची दोन मशीनं तयार होती. अट एवढीच, की नोव्हेंबरअखेर ऐंशी टक्के हजेरीचा शाळेचा दाखला हवा. मशीन घेऊन मूल शाळेतून गायब झालं असं मागे बऱ्याचदा घडल्यामुळे संस्थेनं ही अट घातली होती.

"मग ती आहे कुठं?"

"भट्टीवर. गडबला. तिची आई, जानीमावशी, आमच्या दुकानात आलेली, टेम्पो उभा होता बाहेर. म्हणाली, टीचरला सांग गो, आमी चाललो. मग मी विचार केला, सांगितलं तर खाडा पडणार."

"आणि सुशील सरांना काहीच कळलं नाही?"

"सरांना तर सगळ्या मुली सारख्याच दिसतात. ते मला पण दोनदा दर्शना म्हणाले."

"वर्गातलंही कोणी बोललं नाही?"

"रोशन बोलणार होता. मग त्याला आम्ही दोन दिवस लगोरीत नाही घेतलं." दिपिकानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. "मग नाही बोलला."

फ्लोराला हसू आलं आणि ते तिनं खोकल्यात घालवलं. तिनं बाकावरची ती वही मागितली. नऊ दिवसांचा अभ्यास पुरा होता, दर्शनाच्या वाकड्या, डावीकडे कलणाऱ्या अक्षरात. हुबेहूब. एक वजाबाकी चुकलेली होती, पुढच्या पानावर आणखी एक.

"या तुला येतात की."

"येतात. पण सगळं बरोबर आलं असतं तर सरांना संशय आला असता ना."

फ्लोरानं वही मिटली. पोरीनं आपल्या जोडीदारासाठी नऊ दिवस दोन-दोन वह्या लिहिल्या होत्या, आणि तरीही दर्शनाला गणित येत नाही हे ती धरूनच चालली होती. ते कुणाकडून शिकली, हा प्रश्न फ्लोरानं तूर्त बाजूला ठेवला.

अकरा वाजता ऑफिसात तिघं बसली: मुख्याध्यापिका सिस्टर डेबोरा, फ्लोरा आणि सुशील सर. सुशील सर चोवीस वर्षांचे, ही त्यांची पहिलीच नोकरी. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चिठ्ठीत लिहिलं होतं की तिच्या वतीनं दिपिका सांगेल. मी विचारायचो, दर्शनाला कळलं का? ती म्हणायची, कळलं. मी समजायचो कळलं."

"तुम्ही एकदाही बाकाकडे बघितलं नाहीत?" फ्लोरा म्हणाली.

"टक लावून बघितलं तर तिला संकोच वाटेल, असं मला वाटलं," सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते हे दोघींनाही दिसत होतं.

सिस्टर डेबोरांनी कागद पुढं ओढला. वसईच्या, साठीला टेकलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. जूनपासून कामाचे दिवस एकशे एकोणीस. पटाप्रमाणे दर्शना हजर अठ्ठ्याण्णव दिवस, म्हणजे ब्याऐंशी टक्के. नऊ वजा केले की एकोणनव्वद. पंचाहत्तर टक्क्यांहूनही किंचित कमी.

"पट दुरुस्त करायचा," त्या म्हणाल्या.

"आणि दाखला?"

"दाखला पटाप्रमाणे."

"सिस्टर, शनिवारी तुम्ही सही करून ठेवलेला दाखला माझ्याकडे आहे. अठ्ठ्याण्णवचा. तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे."

"नऊच दिवस आहेत. आणि चूक माझी आहे, तिची नाही. तिच्या आईनं निरोप दिला होता. आपल्या पद्धतीप्रमाणे जोडीदाराला दिला होता."

"म्हणून तर तिला शिक्षा नको, असं तुला म्हणायचंय. मलाही तेच म्हणायचंय." सिस्टर चष्मा काढून पुसू लागल्या. "पण हा दाखला खोटा निघाला, तर पुढच्या वर्षी त्या संस्थेची गाडी आपल्या शाळेपुढं थांबणार नाही. पहिलीतल्या दोघांचे कान अजून तपासायचेत, फ्लोरा."

"मग दर्शनाचं काय?"

"कारणांची वही काढ."

कारणांच्या वहीत जून ते नोव्हेंबर दर्शनाचे आधीचे एकवीस खाडे होते. त्यांतले तेरा एकाच कारणाचे, दिपिकानं सांगितलेले आणि फ्लोरानं लिहून घेतलेले: कान फुटला, कानातून पाणी, कान दुखतो म्हणून रडते. सिस्टरांनी ती पानं झेरॉक्सला पाठवली आणि स्वतः पत्र लिहायला घेतलं. ज्या दुखण्यासाठी मशीन द्यायचं, त्याच दुखण्यानं हजेरी कमी झाली आहे, असं त्या पत्राचं सार होतं.

"माझ्यावर मेमो निघणार का?" सुशील सरांनी दारातून विचारलं.

"ती चिठ्ठी मी वाचली होती आणि तिच्याखाली सही केली होती," सिस्टर म्हणाल्या. "मेमो काढायचा तर मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. तुम्ही उद्यापासून हजेरी घेताना उभे राहून घ्या."

एकोणनव्वदचा नवा दाखला सही करून देताना, जुना फाडून टाक, असं त्या फ्लोराला म्हणाल्या. हो म्हणून फ्लोरानं तो पर्समध्ये ठेवला.

दुपारी शाळा सुटल्यावर ती स्कूटर काढून नागोठण्यावरून हायवेनं गडबला गेली. भातं कापून झालेल्या शेतांत विटांच्या भट्ट्या लागल्या होत्या. तिसऱ्या भट्टीवर तिला दर्शना दिसली, कमरेवर आठ महिन्यांचा भाऊ, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. फ्लोरानं लांबून हाक मारली नाही, उपयोग नव्हता. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा पोरीचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. आपण काहीतरी चुकवलंय हे तिला टीचरच्या तोंडावरून कळलं होतं.

जानी साच्यात चिखल दाबत उकिडवी बसली होती. नवरा दामू चिखल तुडवत होता, गुडघ्यापर्यंत माखलेला.

"टीचर? इथवर?" जानी उठली, हात पदराला पुसले. "म्या सांगितलं व्हतं हां. त्या दुकानवाल्याच्या पोरीला. आमी न सांगता जात नाय."

"माहीत आहे. तुमचं काही चुकलं नाही."

"मंग?"

फ्लोरानं शुक्रवारचं सांगितलं. पेणला, सकाळी दहाला. जानीनं दामूकडे बघितलं, दामूनं मुकादमाकडे. मुकादम नितेश मोटरसायकलवर बसून मोबाइल बघत होता.

"एक दिस दोघांपैकी एकच," तो मान वर न करता म्हणाला. "साचा खाली राहिला तर शेठ मला उभा करतो, टीचर. तुमचं बरंय, तुमच्याकडे बेल वाजली की सुट्टी."

"येता का एक दिवस माझ्या वर्गावर?" फ्लोरा म्हणाली. "छत्तीस आहेत. बेल वाजायची वाट बघत बसाल."

जानी खुदकन हसली. नितेशही. "जा गो जाने," तो म्हणाला, "शुक्रवारी जा. पण दुपारपर्यंत."

"हिला आणली नसती तर बरं झालं असतं," फ्लोरा हळूच म्हणाली.

"आणली नसती तर बारक्याला कोण बगनार?" जानीचा आवाज चढला. "आजीला दिसत नाय, हिला ऐकाय येत नाय, आमाला दोघांना थापायचं. या बारक्याला चिखलात सोडू? तुमी सांगा, बाय."

 सिस्टरांनी सांगितलेलं फ्लोरानं सांगितलं: गडबच्या शाळेत तात्पुरतं बसता येतं, त्याचं कार्ड मिळतं, नाव सिस्टरांच्या शाळेतच राहतं. दर्शनानं बारक्याला घेऊन वर्गात बसलेलं चालेल का, ते ती तिथल्या गुरुजींना विचारणार होती.

"चालंल म्हणाले तर पाठवीन," जानी म्हणाली. मग तिनं विचारलं, "मशीन लावली म्हंजी हिला समदं ऐकाय येईल?"

"समदं नाही. पुष्कळ."

"मी हिला लय शिव्या दिल्यात, बाय. ऐकत नाय म्हनून."

निघताना फ्लोरानं दर्शनाच्या हातात वही दिली. दर्शनानं पानं उलटली, आपण न लिहिलेलं आपलंच अक्षर बघितलं, आणि चुकलेल्या वजाबाकीवर बोट ठेवून कपाळाला आठी घातली. फ्लोराकडे पेन्सिल मागितली. भाऊ कमरेवर तसाच ठेवून तिनं उभ्यानं ती वजाबाकी खोडून बरोबर केली. मग दुसरी.

शुक्रवारी पेणला एका मंगल कार्यालयात शिबिर भरलं होतं. जानी गडबहून एस.टी.नं आली, धुवट लुगड्यात, बारक्याला कडेवर घेऊन, दर्शनाचं मनगट धरून. तिला गडबहून इथं यायला अर्धा तास लागला; फ्लोराला रोह्याहून सव्वा तास. सोमवारपासून फ्लोराच्या पर्समध्ये दोन दाखले होते. सारखेच दुमडलेले, एकाच सहीचे, एकाच शिक्क्याचे. अठ्ठ्याण्णवचा पुढं केला असता तर सव्वादहाला काम संपलं असतं, आणि या अख्ख्या कार्यालयात कुणाला काही कळलं नसतं.

टेबलामागे संस्थेच्या पूजा मॅडम बसल्या होत्या. फॉर्मवरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "सध्या कुठं राहता?"

"भट्टीवर. गडबला," जानी म्हणाली. लपवायचं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिस."

पूजा मॅडमनी फॉर्मवर ते लिहिलं आणि दाखल्यासाठी हात पुढं केला. फ्लोरानं पर्स उघडली. अठ्ठ्याण्णवचा दाखला आता जानीच्या उत्तरालाच खोटं पाडणार होता. न सांगता जात नाय म्हणणाऱ्या बाईच्या. तिनं एकोणनव्वदचा काढला, त्याला सिस्टरांचं पत्र आणि कारणांची पानं जोडून दिली. दुसऱ्याचे तिनं टेबलाखाली चार तुकडे केले.

पूजा मॅडमनी टक्केवारी बघितली. मग पत्र वाचलं, सगळं. मग कारणांची पानं, एकेक तारीख.

"हे जोडीदार वगैरे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐंशीच्या खालचं माझ्या हातात नाही, टीचर. समितीपुढं ठेवावं लागेल. हे नऊ दिवस कानाचे नाहीत ना?"

"नाहीत. ते भट्टीचे."

"आणि पुढं मे महिन्यापर्यंत भट्टीच."

"गडबच्या गुरुजींशी बोललेय मी. बुधवारपासून ती तिथं बसतेय. भावाला घेऊन."

"त्याचा कागद?"

"कार्ड यायचंय. अर्ज दिलाय." अर्जाची प्रत फ्लोरानं पुढं सरकवली. पूजा मॅडमनी ती फाइलला लावली आणि म्हणाल्या, "मशीन बसतं का ते बघून तरी घेऊ. साचे तिच्याच कानाचे आहेत."

आतल्या खोलीत ऑडिओलॉजिस्टनं दोन्ही मशीनं लावली, बटण फिरवलं. दर्शना खुर्चीच्या कडा धरून बसली होती. बाहेर कुणीतरी लोखंडी खुर्ची ओढली आणि तिनं मान गर्रकन वळवली. फ्लोरा तिच्या पाठीमागे होती; तिनं हळू आवाजात नाव घेतलं. दर्शनानं मागे बघितलं. तेवढ्यात बारका भुकेनं रडायला लागला.

दर्शना दचकून उभी राहिली. भट्टीवर तिनं त्याला दोन आठवडे सांभाळलं होतं. रडताना त्याचं तोंड उघडतं आणि डोळे मिटतात एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं पुढं होऊन आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला, मग काढला, परत ठेवला.

"आय," ती मोठ्यानं म्हणाली, "हा एवढा वरडतो?"

"तुज्यापेक्षा कमीच," जानी म्हणाली, आणि पोरीनं तेही ऐकलं.

वीस मिनिटांनी मशीनं काढावी लागली. दर्शनानं दोन्ही हात कानांवर दाबून धरले. जानीनं ते एकेक करून सोडवले. तिनं ओरडा केला नाही, मारलं नाही. ऑडिओलॉजिस्टनं मशीनं डबीत ठेवली, डबीवर दर्शनाचं नाव आणि नंबर लिहिला. साडेबाराच्या एस.टी.नं जानी गडबला परतली, कारण नितेशनं दुपारपर्यंतच सांगितलं होतं.

सोमवारी दिपिकानं हजेरीला उभं राहून सांगितलं, "दर्शना नाही आली. ती गडबच्या शाळेत आहे. मशीन अजून नाही मिळाली." सगळा वर्ग फ्लोराकडे बघत होता. तिनं कारण लिहून घेतलं.

मंगळवारी, नऊ डिसेंबरला, दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी ऑफिसात पूजा मॅडमचा फोन आला. समितीची बैठक झाली होती. अटीत न बसणारे चौदा अर्ज होते, त्यांतल्या अकरांवर निर्णय झाला. तीन पुढच्या बैठकीवर गेले, त्यांत दर्शना हिलमचा आहे. गडबच्या शाळेचं कार्ड आलं असेल तर पाठवा, असं त्या म्हणाल्या. कार्ड आलेलं नाही. पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली नाही.